क्लचचे पाप कोणाच्या माथी?

आमच्या व्यापारी बंधूंच्या दारात आता चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या पुष्कळ दिसू लागल्या आहेत. हे योग्यच झाले. चंदगड-खानापूरकडे काजूच्या खरेदीस जावे, अथवा चोर्ला घाट उतरून सत्तरीतील बागायतदारास गाठावे, तर पावसाळ्यात डांबरी रस्ता सुटला की पुढे निव्वळ तांबडा चिखल लागतो. तेथे साध्या गाडीचे काही चालत नाही. महिंद्रांची जुनी जीप, १९८५ साली आलेली मारुतीची जिप्सी, आणि २०२३ मध्ये आलेली जिम्नी ही सारी वाहने अशाच वाटांसाठी घडविलेली आहेत.

परंतु या गाड्यांविषयी एक तक्रार वारंवार कानी येते, ती म्हणजे क्लच लवकर जातो. निकालही ठरलेला असतो : ‘ड्रायव्हरने क्लच जाळला.’ मग खर्चाचा काही भाग त्याच्या पगारातून कापून घेण्याचा मोह मालकास होतो. आमचे स्पष्ट मत असे आहे की, हा निकाल बहुधा अन्यायाचा असतो. ज्या चालकास गाडीतील दुसरी दांडी कशासाठी आहे हे कोणी कधी सांगितलेच नाही, त्यास दंड करण्याचा अधिकार मालकास पोहोचत नाही.

प्रथम यंत्राचे मर्म पाहू. फिरणारे इंजिन आणि उभी गाडी यांचा मेळ घालणे हे क्लचचे काम. मेळ बसेपर्यंत क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर घसरते, घासते आणि तापते. दोन चाकांच्या गाडीत चिखलात जोर अधिक झाला की चाकेच फिरू लागतात व क्लचवरील ताण आपोआप हलका होतो. चारही चाके जमीन धरून राहिली म्हणजे ही वाट बंद होते. चाक घसरत नाही, तेव्हा घसरावयाचे ते क्लचनेच. गाडीचा जो गुण, तोच अडाणी हाताखाली क्लचचा काळ होतो, तो असा.

यावर उपाय गाडी बनविणाऱ्यांनीच करून ठेवला आहे. ट्रान्स्फर केसची दांडी ‘लो’मध्ये टाकली की त्याच गिअरमध्ये गाडी साधारण दोन ते अडीच पट हळू चालते आणि चाकांना जोर तितकाच वाढून मिळतो. व्यापाऱ्यास हिशेब कळतो, म्हणून हिशेबच मांडतो. सपाटीवर गाडी हलविताना क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता ही, क्लच पूर्ण लागतेवेळी गाडीस जो वेग येतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग अडीच पट कमी, तर उष्णता सुमारे सहापट कमी! चढावर हा हिशेब तंतोतंत राहत नाही, तथापि लाभ तेथेही मोठाच असतो. इतकी बचत हाताशी असता पुष्कळ चालक पहिला गिअर आणि हाफ क्लच यांवरच चढ ओढीत राहतात. दोष त्यांचा नव्हे. परवान्याच्या परीक्षेत या दांडीचा प्रश्नच येत नाही.

शिकविण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. चिखल लागण्यापूर्वीच गाडी थांबवून ‘लो’ घ्यावे, रुतल्यावर नव्हे. क्लच पूर्ण सोडावा आणि नंतर ॲक्सिलरेटर द्यावा. चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरू नये. त्यासाठी हँडब्रेक आहे. चढावर इंजिन बंद पडले तर ब्रेक धरून रिव्हर्स गिअर घ्यावा, क्लच सोडून इंजिनच्या धाकाने सरळ मागे उतरावे आणि पुन्हा आरंभ करावा. पाण्यातून जाताना मध्येच क्लच दाबू नये. जळका वास आला की थांबावे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, क्लचवरील पाय काढून, इंजिन काही वेळ मंद चालू द्यावे. एरवीही क्लचवर पाय विसावू नये.

येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे. वर सांगितलेल्या जीप, जिप्सी, जिम्नीसारख्या गाड्यांत कोरड्या डांबरावर चारही चाकांचा जोर लावून वळणे घेऊ नयेत. पुढील व मागील चाकांचा फेर जुळत नाही व चाकांना जोर पोहोचविणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. घाटातील वाहनांच्या रांगेत दोन चाकांवरच चालावे, पण पुढे अंतर सोडून. इंचाइंचाने हाफ क्लचवर सरकू नये. शिवाय डस्टर वा ग्रँड विटाराच्या अशा काही गाड्या आहेत की ज्यांत चारही चाकांना जोर आहे, परंतु ‘लो’ची सोय नाही. बागेतील खडी वाट रोजची असेल, तर खरेदीपूर्वीच याचा विचार व्हावा.

आता मालकांच्या वाट्याचे. शोभेसाठी मोठ्या व्यासाचे टायर चढविले की प्रत्येक गिअर जड होतो आणि तो भार क्लच वाहतो. मर्यादेबाहेर माल भरला तरी तेच. ‘सायंकाळपर्यंत आलेच पाहिजे’ या तगाद्याने तर चालकास थांबून दांडी टाकण्याचीही उसंत राहत नाही. या तिन्ही गोष्टी मालकाच्या हुकमाने होतात, आणि बिल मात्र नोकराच्या नावे निघते.

कोणी म्हणेल, शिकविले तरी ऐकत नाहीत. काही ऐकणार नाहीत, हे खरे. शिकवूनही जो हयगय करतो त्यास जाब अवश्य विचारावा, पण शिकविल्यानंतर. यांतील काही गाड्यांत क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्सबरोबर ट्रान्स्फर केसही उतरवावी लागते, म्हणून मजुरी अधिक आणि गाडी अधिक दिवस गॅरेजात. एका दिवसाचे शिक्षण यापुढे स्वस्तच म्हणावे लागेल.

आमची सूचना इतकीच आहे. दरवर्षी मृगापूर्वी आपल्या संघाने एखाद्या मोकळ्या चढावर एक दिवस सर्व सभासदांचे चालक बोलवावेत, जाणत्या मिस्त्रीकडून त्यांना हे प्रत्यक्ष करून दाखवावे, त्या दिवसाचा पगार द्यावा आणि मालकांनीही शेजारी उभे राहून पाहावे. आपला माल, आपली गाडी आणि पुष्कळदा आपली मुलेबाळेही आपण त्या माणसाच्या हाती घाटात सोपवितो. त्याच्या हातास जे ज्ञान हवे, ते देणे हा उपकार नसून आपल्या व्यवहाराचाच भाग आहे.