कारभार नसलेली काउंटी

सिडनीच्या पश्चिमेला हॅरिस पार्कमध्ये घर घेतलेल्या मराठी कुटुंबाने आपला मालकीचा उतारा नीट वाचला, तर लॉट आणि प्लॅनच्या क्रमांकापाठोपाठ एक ओळ दिसते: पॅरिश सेंट जॉन, काउंटी कंबरलँड. या काउंटीला कचेरी नाही, तिच्यासाठी मतदान होत नाही, तिचा कर नाही. त्या बाजूला २०१६ पासून कंबरलँड नावाची नगरपालिका आहे खरी. पण तिचा या काउंटीशी नावापुरताच संबंध, म्हणजे गोंधळात भरच. ज्या विभागाचा कारभार कोणीच पाहत नाही, त्याचे नाव जमिनीच्या कागदावर का वागवायचे? काढून टाका, असे म्हणणे सोपे आहे आणि ते अगदीच चुकीचेही नाही.

कंबरलँडची घोषणा झाली ४ जून १७८८ रोजी, राजाच्या वाढदिवशी. वसाहत उभी राहून जेमतेम चार महिने झाले होते आणि गव्हर्नर फिलिपच्या लोकांना हाकेच्या अंतरापलीकडचा मुलूखही नीट ठाऊक नव्हता. पुढे १८२५ मध्ये लंडनहून आराखडाच आला: सुमारे चाळीस मैल लांब-रुंद अशी काउंटी, तिच्यात शंभर चौरस मैलांचे हंड्रेड, हंड्रेडच्या पोटात पंचवीस चौरस मैलांचे पॅरिश. इंग्लंडमध्ये शतकानुशतके वाढलेली ही उतरंड इथे पट्टी घेऊन आखायची होती. न्यू साउथ वेल्समध्ये हंड्रेड रुजले नाहीत. काउंटी आणि पॅरिश तेवढे टिकले. काउंट्या १४१ झाल्या, पॅरिश सात हजारांवर गेले. पॅरिश म्हटले तरी त्याचा चर्चशी संबंध नाही. कित्येक पॅरिशांत चर्च सोडाच, माणूसही नव्हता.

पण ही आखणी कधीच नुसती शोभेची नव्हती. १८२६ मध्ये गव्हर्नर डार्लिंगने वस्तीची हद्द ठरवली आणि १८२९ मध्ये ती एकोणीस काउंट्यांपर्यंत वाढवली. हद्दीच्या आत जमीन मिळे, विकत घेता येई; बाहेर नाही. मेंढ्यांना मात्र राजपत्र वाचता येत नसल्याने त्या आणि त्यांचे मालक खुशाल पलीकडे गेले. शेवटी १८३६ मध्ये सरकारने वार्षिक दहा पौंडांचा परवाना सुरू करून त्या घुसखोरीलाच कागदावर आणले.

दक्षिण ऑस्ट्रेलियात हाच खेळ अधिक गंभीर झाला. तिथे हंड्रेड हाच जमीनवाटपाचा कणा. हंड्रेड जाहीर झाले, की तिथली जमीन मोजून शेतीसाठी विक्रीला निघणार. त्याबाहेर मोठाल्या चराऊ पट्ट्यांचा मुलूख. १८६५ च्या दुष्काळात सर्व्हेअर जनरल जॉर्ज गॉयडर घोड्यावरून फिरला आणि झाडोरा पाहून त्याने एक रेषा आखली: हिच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही. पुढची काही वर्षे पाऊस बरा झाला, जमिनीची मागणी वाढली आणि या रेषेमुळे शेतजमिनीच्या विक्रीवर आलेले बंधन १८७४ मध्ये उठवण्यात आले. रेषेच्या उत्तरेला हंड्रेडवर हंड्रेड जाहीर झाले. १८८० च्या सुमारास पुन्हा दुष्काळ पडला आणि शेतकरी घरेदारे सोडून माघारी आले. त्यांची पडकी दगडी घरे तिथे अजून दिसतात. हंड्रेडच्या सीमा नोंदीत राहिल्या. सरकारने कुठे, कोणत्या भरवशावर लोकांना जमीन विकली, हे त्या सांगतात; आजच्या पालिकेची हद्द ते सांगू शकत नाही.

आता काढून टाका म्हणणाऱ्यांची बाजू. तिचा सर्वांत भक्कम आधार दक्षिण ऑस्ट्रेलियातलाच आहे. रॉबर्ट टॉरेन्सच्या पुढाकाराने १८५८ मध्ये तिथे जो कायदा झाला, त्याने मालकीचा इतिहास उगाळण्याची गरजच मोडीत काढली. नोंदवहीत ज्याचे नाव तो मालक, आणि त्या नोंदीला सरकारची हमी. आपल्याकडे सातबारा हा महसुली कागद, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. म्हणून खरेदीआधी फेरफार चाळावे लागतात, जुने दस्त शोधावे लागतात. टॉरेन्स पद्धतीत ही उस्तवार नाही. मग लॉट आणि प्लॅनचा क्रमांक एकमेव असताना जोडीला दोनशे वर्षांपूर्वीचा पत्ता कशाला? न्यू साउथ वेल्सने तर ११ ऑक्टोबर २०२१ पासून मालकीची कागदी प्रमाणपत्रेच रद्द केली. शिवाय ही नावे कोणाची? इंग्लिश परगणे, उमराव, गव्हर्नर. धारुग या मूलनिवासी लोकांच्या भूमीवर कंबरलँड लिहिणे हे साधे नामकरण नव्हते. तो हक्क सांगण्याचाच प्रकार होता.

हे सगळे मान्य करूनही आम्ही थोडे थांबतो. जुन्या सरकारी मोजणीत जमिनीच्या तुकड्याला पोर्शन म्हणत आणि त्याचा क्रमांक प्रत्येक पॅरिशमध्ये एकपासून सुरू होई. म्हणजे नुसता पोर्शन १२ राज्यभर हजारोंनी. पॅरिशचे नाव सांगितले तरी भागत नाही, कारण एकाच नावाचे पॅरिश वेगवेगळ्या काउंट्यांत आहेत. म्हणून पोर्शन, पॅरिश आणि काउंटी मिळूनच पत्ता पुरा होतो. पुढे संगणकीकरणात या पोर्शनांना लॉट म्हटले गेले, तेव्हा अनेक ठिकाणी पोर्शनचा क्रमांक तोच राहिला आणि प्लॅनचा जो नवा सहा आकडी क्रमांक दिला, तो खरे तर त्या पॅरिशचाच. व्हिक्टोरियातही सरकारी भूखंडांच्या संगणकीय ओळखीत पॅरिशला आकडा आहे. आधुनिक दिसणाऱ्या क्रमांकात पॅरिश असा वेष पालटून बसलेला असतो. नाव गाळले तर तो आकडा उलगडायची किल्ली तेवढी हरवते. गटवारीनंतरही जुना सर्व्हे नंबर विचारणाऱ्या मराठी शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि टॉरेन्सची हमी मालकीची असते. शेजारच्या बांधाची, कागदावर आखून कधीच न झालेल्या सरकारी रस्त्याची किंवा गुरांच्या वाटेची नव्हे. अशा ठिकाणी पॅरिशचा नकाशा काढावा लागतो. त्याच्या एकामागून एक निघालेल्या आवृत्त्यांवर मूळ घेणाऱ्याचे नाव, क्षेत्र, राखीव जमीन, रद्द झालेले राखीवपण, सगळे हाताने नोंदलेले असते. मूलनिवासींचा जमिनीवरचा हक्क मान्य करणाऱ्या १९९२ च्या माबो निकालानंतर या नोंदींचे वजन फार वाढले, कारण तो हक्क कुठे उरला आणि कुठे संपला हे ठरवायला त्या जमिनीचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास लागतो. डार्विनजवळच्या जमिनीसाठी लाराकिया लोकांनी केलेल्या दाव्यात १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने म्हटले, की १८८२ मध्ये एकदा पूर्ण मालकीने दिलेल्या जमिनीवरचा हक्क संपला आणि पुढे ती जमीन सरकारकडे परत आली तरी तो जिवंत होत नाही. पुरावा हा असा दुधारी. तो लाराकियांच्या विरुद्ध गेला. पण जिथे जमीन कधीच कोणाला दिली गेली नाही, तिथे तशाच नकाशावरची कोरी जागा दावेदारांच्या कामी येते. आधीच्यांची भूमी ज्या यंत्राने गेली, त्याच यंत्राचा हिशेब मिटवला तर सोय नक्की कोणाची होईल, हे नावांवर आक्षेप घेणाऱ्यांनीही तपासावे. नावांचेही सरसकट म्हणता येत नाही. सर्व्हेअर जनरल थॉमस मिचेलचा आग्रह असे, की मोजणीदारांनी स्थानिक नावे विचारून लिहावीत. त्यामुळे काउंटीचे नाव इंग्लिश असले तरी तिच्या पोटातले कितीतरी पॅरिश मूळ भाषांतल्या नावांचे आहेत.

अक्षांश-रेखांश दिले की झाले, हा युक्तिवाद आम्हाला सर्वांत कच्चा वाटतो. ऑस्ट्रेलियाचा भूखंड दरवर्षी सुमारे सात सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. १९९४ ची निर्देशांक प्रणाली बदलून २०२० ची आणली तेव्हा प्रत्येक बिंदूचे आकडे सुमारे १.८ मीटरने बदलले. हद्दीच्या वादात तिथला मोजणीदार आजही आधी मूळ खुणा शोधतो, खुंट किंवा साल तासलेले झाड, आणि त्या खुणा कोणत्या टिपणात नोंदल्या आहेत हे त्याला पॅरिशवरून सापडते.

तेव्हा काउंटीचे नाव घर घेणाऱ्याच्या उताऱ्यावरून आणि रोजच्या अर्जांवरून गेले तर आमची तक्रार नाही. वाचणाऱ्याला ज्याचा अर्थ लागत नाही आणि ज्यावर कोणतेही काम अडत नाही, ती ओळ फक्त चुका वाढवते. पण नोंदणीच्या मूळ संचात प्रत्येक तुकड्यापाशी काउंटी, पॅरिश किंवा हंड्रेड आणि जुना पोर्शन क्रमांक कायम राहिला पाहिजे आणि तो कोणालाही फुकट शोधता आला पाहिजे. ही अट घालण्याचे कारण ताजे आहे. न्यू साउथ वेल्सने २०१७ मध्ये जमीन नोंदणीचा कारभार ३५ वर्षांसाठी २.६ अब्ज डॉलरना खासगी चालकाकडे दिला; दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियाही त्याच वाटेने गेले. विक्री आणि तारणाच्या नोंदींवर शुल्क मिळते, त्यामुळे त्यांची काळजी चालक आपणहून घेईल. १८८० च्या पॅरिश नकाशावर कोणी फारसे कमावत नाही. म्हणून जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ घालणारी सूची राज्याने स्वतःच्या ताब्यात, स्वतःच्या खर्चाने ठेवावी आणि ती पुरी होईपर्यंत उताऱ्यावरची ओळ हलवू नये.