फोन चालतो, पण आहे कुणाचा?

चाकण एमआयडीसीत कंत्राटी कामगारांचा पगार साधारण सात ते दहा तारखेच्या दरम्यान होतो. त्या आठवड्यात तळेगाव चौक, आंबेठाण चौक, इकडे भोसरी आणि पिंपरी कॅम्प, कुठल्याही मोबाईलच्या दुकानात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. नव्या फोनचे डबे मागच्या फळीवर, जुने सेट पुढे काचेखाली. गर्दी काचेपाशी. मी या पट्ट्यात गाड्यांचे प्रेस पार्ट बनवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटी सांभाळते. आमच्या लाइनवरच्या पोरांच्या खिशातले बरेचसे फोन त्या काचेखालूनच आलेले आहेत आणि त्यात मला काडीचाही कमीपणा वाटत नाही. आठ-दहा हजारांत नवा कोरा, पण वर्षात रडायला लागणारा फोन घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत कुणीतरी दोन वर्षं नीट वापरलेला चांगला फोन घेणं केव्हाही शहाणपणाचं. हप्त्यांचं लचांड नाही, आणि एक धडका फोन कचऱ्यात जायचा वाचतो. जुन्या फोनशी माझं भांडण नाहीच. तो बिनकागदाचा विकला जातो, त्याच्याशी आहे.

फोन ही आता चैन राहिलेली नाही, हे या पट्ट्यात वेगळं सांगावं लागत नाही. उद्याची शिफ्ट कुठली, हे कंत्राटदाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळतं. पीएफ काढायचा तर ओटीपी फोनवर. गावाकडे आईला पैसे पाठवायचे ते फोनवरून. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाला कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतो, पण फोन घरी ठेवून या असं कुणी म्हणत नाही, कारण तसं म्हटलं तर निम्मं एचआर बंद पडेल.

आमच्याकडे हिंगोलीकडचा एक मुलगा आहे. आयटीआय फिटर. ट्रेनी म्हणून आला, आता कंत्राटदाराकडे आहे. त्याने चाकणमधल्या एका दुकानातून साडेआठ हजारांना सेट घेतला. स्क्रीन चकाचक, कव्हर आणि काच फुकट. बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला, ‘बिल कशाला पाहिजे भावा, मी इथंच बसलोय की.’ चार महिने फोन झकास चालला. मग एका सकाळी नेटवर्क गेलं ते गेलंच. त्याने सिम काढून जुन्या बटणाच्या फोनमध्ये टाकलं, तर त्याच नंबरवर पोलिसांचा फोन: हँडसेट घेऊन ठाण्यात या. तो सेट कुणाचा तरी बसमध्ये मारलेला होता आणि मूळ मालकाने तक्रार बऱ्याच उशिरा नोंदवली होती. पोराने फोन जमा केला, जबाब दिला, दोन खाडे झाले. दुकानदाराकडे गेला तर तो शांतपणे विचारतो, ‘हा माझ्याकडचाच कशावरून?’

प्रश्न बिनतोड होता. त्याच्याकडे दाखवायला काहीही नव्हतं.

आता आमच्या कामाची रीत सांगते. एखादा ब्रॅकेट पहिल्या फेरीत नापास झाला आणि दुरुस्त होण्यासारखा असला, तर तो रिवर्कला जातो. पण तो परत चांगल्या मालात नुसता मिसळून टाकत नाहीत. त्याला टॅग लागतो: काय बिघडलं होतं, काय दुरुस्त केलं, कुणी तपासलं. वाहन कंपनीकडून तक्रार आली तर तो पीस कुठल्या लॉटचा, कुठल्या शिफ्टचा, कुठल्या कॉइलच्या पत्र्यातून निघालेला, हे आम्हाला त्याच दिवशी सांगावं लागतं. पत्र्याच्या एवढ्याशा तुकड्याची ही कथा. आणि हीच पोरं एमएच-१४ ची जुनी स्प्लेंडर घ्यायला गेली की आधी आरसी बुक मागतात, वाकून चासी नंबर बघतात, कर्जाचा बोजा उतरलाय का विचारतात. फोन घेताना मात्र नुसता कॅमेरा उघडून स्वतःचा चेहरा बघतात.

फोनलाही चासी नंबर असतो. आयएमईआय. पंधरा अंकी. *#०६# डायल केलं की पडद्यावर येतो, दोन सिमच्या फोनमध्ये दोन येतात. जुन्या लोकांना आठवत असेल, २००९ च्या शेवटी हा नंबर नसलेले फोन बंद करायला सरकारने लावले होते आणि कर्णकर्कश आवाजाचे ते ‘चायना मोबाईल’ एका झटक्यात मुके झाले. पुढे चोरीचे फोन सगळ्या नेटवर्कवर एकदम बंद करणारी सीईआयआर यंत्रणा आली. तिचा प्रयोग आपल्याच राज्यात, सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ पोर्टलसोबत ती देशभर लागू झाली. फोन चोरीला गेला की पोलीस तक्रारीची प्रत जोडून तो ब्लॉक करायची मागणी करता येते. त्यानंतर त्यात कुणी सिम टाकलं की माग लागतो. आमच्या पोराचा लागला तो असाच.

याच यंत्रणेत गिऱ्हाइकाच्या कामाची एक सोय आहे आणि ती मी भेटेल त्याला सांगते. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहायचं, एक जागा सोडून आयएमईआय टाकायचा आणि १४४२२ ला मेसेज करायचा. दुकानात उभ्या उभ्या होतं. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं काही आलं, तर सेट काउंटरवर ठेवून बाहेर पडावं. मेसेज करायच्या आधी पडद्यावरचा नंबर डब्यावरच्या नंबरशी जुळवून घ्यावा. हा नंबर बदलता येतो, हे लपून राहिलेलं नाही. २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर चालणारे साडेतेरा हजारांच्या वर फोन आढळले होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अशा छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात.

पण हा मेसेज म्हणजे गंगाजल नव्हे. रात्रपाळी सुटल्यावर कुणाच्या हातातून दुचाकीवाल्याने फोन हिसकावला आणि सकाळी तो काचेखाली लागला, तर तोवर तक्रार कुठे असते? यंत्रणेच्या लेखी तो फोन स्वच्छ. आमच्या पोराने घेताना मेसेज केला असता, तरी उत्तर ठीकच आलं असतं. ही मधली फट कुठलंही अॅप बुजवू शकत नाही. ती बुजवतो तो कागद: दुकानाचं नाव, तारीख, किंमत, आयएमईआय आणि दुकानदाराने तो सेट कुणाकडून घेतला त्याची त्याच्याकडे नोंद. चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७, लागतो तो माल चोरीचा आहे हे माहीत असलेल्याला किंवा तसं समजायला कारण असलेल्याला. बाजारभावाने पैसे देऊन, नंबर लिहिलेलं बिल घेऊन फोन घेणारा मुलगा साक्षीदार असतो. बिल नसलेल्याला, आपल्याला काही माहीत नव्हतं, हे सांगत बसावं लागतं.

मालाच्या गुणवत्तेबद्दल थोडं, नाहीतर माझी नोकरी फुकट. जुन्या फोनमध्ये सगळ्यात जास्त बदलला जातो तो डिस्प्ले, ज्याला दुरुस्तीवाले फोल्डर म्हणतात. कॉपी फोल्डर पहिल्या दिवशी छान दिसतो. उन्हात धरला की फिका पडतो, कोपऱ्यात टच चुकतो. पांढरा पडदा उघडून तिरक्या नजरेने बघितलं, बोटाने एखादं आयकॉन धरून चारी कोपऱ्यांत फिरवलं की बरंचसं कळतं. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये जनरल आणि मग अबाउट उघडावं. अलीकडच्या मॉडेलांत बॅटरी किंवा डिस्प्ले बदलला असेल तर तिथे तशी नोंद दिसते. पाण्यात चालतो म्हणून सांगितला जाणारा फोन एकदा उघडला की त्याच्या पाणीरोधकपणावर विसंबू नये. कडेचं सील पुन्हा कारखान्यात बसतं तसं बसेलच असं नाही.

बॅटरीची मात्र मला खरंच भीती वाटते. नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, म्हाळुंगे, कुठल्याही खोलीत जाऊन बघा. एका खोलीत पाच-सहा जण, एकच एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर सगळ्यांचे चार्जर आणि दिवसपाळीचा माणूस उशीखाली फोन ठेवून झोपलेला. लिथियमची बॅटरी म्हातारी झाली किंवा हलक्या प्रतीची बसवलेली असली की आत वायू धरून फुगते. मागचं झाकण किंचित उचललेलं असेल, सपाट टेबलावर ठेवून फोन गोल फिरत असेल, तर तो फुकट दिला तरी घेऊ नये.

आणखी एक नवा प्रकार. हप्त्यावर घेतलेले फोन. पहिला मालक दोन हप्ते भरतो, तिसऱ्या महिन्यात विकून मोकळा होतो. फायनान्सवाल्यांचं लॉक आतच बसलेलं असतं, रिसेट मारलं तरी जात नाही. एक दिवस पडदा बंद आणि ‘थकबाकी भरा’ अशी सूचना. कुणाची थकबाकी? जुन्या मालकाचं गुगल किंवा अॅपल खातं काढलेलं नसलं तरी हीच गत. म्हणून पैसे द्यायच्या आधी दुकानदारासमोर फोन पूर्ण रिसेट करून स्वतःच्या खात्याने चालू करून बघावा. दुकानदार कुरकुरला तर उत्तर तिथेच मिळालं.

मोठ्या रिफर्बिश्ड कंपन्या वॉरंटी देतात, बिल देतात, पसंत नाही पडला तर परत घेतात. त्यांचा माल थोडा महाग पडतो आणि ‘सुपर्ब’, ‘गुड’, ‘फेअर’ ही प्रत्येकाची प्रतवारी आपापल्या घरची असते, त्यामुळे एकीचं गुड दुसरीच्या फेअरइतकंही असू शकतं. तरी हजार-दीड हजार जास्त देऊन तिथे घ्यावा, असं माझं मत आहे. फसवणूक झाली तर ग्राहक आयोग आहे, १९१५ ची हेल्पलाइन आहे. कंपनीच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर ओळखीच्या ओळखीतून झालेल्या सौद्याला यातलं काहीच लागू पडत नाही. धंदा न करणाऱ्याने आपला एखादा फोन विकला तर तो ग्राहक कायद्यातला विक्रेता ठरत नाही.

पण सगळा भार गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टाकून चालणार नाही. दिवसभर प्रेसवर उभं राहून आलेल्या वीस वर्षांच्या पोराने काय काय तपासायचं? दुकानदारांची ठरलेली सबब असते, ‘पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के वर लागतील.’ हे खोटं आहे. जुन्या वस्तूंच्या धंद्यात जीएसटी नफ्याच्या फरकावर भरायची सोय आहे. आठ हजारांना घेतलेला सेट दहा हजारांना विकला तर कर दोन हजारांच्या फरकावर बसतो, तो त्या दोन हजारांतच धरला तर सुमारे तीनशे रुपये. वर्षाला चाळीस लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या दुकानाला तर नोंदणीचीही सक्ती नाही, त्याने वहीच्या पानावर शिक्का मारून दिलं तरी चालेल. बिल न देण्याचं कारण करात नाही. ते काचेखालच्या मालात आहे.

नियमही आता आलेला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांत दुरुस्ती केली. जुन्या फोनची खरेदी-विक्री करणाऱ्याने व्यवहाराआधी आयएमईआय सरकारी यादीशी ताडून पाहायचा आणि यादीत असलेला सेट घ्यायचा नाही, विकायचाही नाही. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी अॅप आधीच घालून द्यायचा आदेश निघाला, खासगीपणावरून गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सरकारने तो मागे घेतला. गदारोळ रास्त होता. पण त्या आठवडाभरात नव्या फोनच्या अॅपवर जेवढी शाई खर्ची पडली, तिच्या शतांशानेही जुन्या फोनच्या नियमाकडे कुणी पाहिलं नाही. माझ्या ओळखीच्या दोन दुकानदारांना मी विचारलं. एकाने ऐकलंच नव्हतं. दुसऱ्याने ऐकलं होतं आणि तो हसला.

हसू थांबवायचं काम पोलिसांचं आहे. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं, चाकण आणि म्हाळुंगे त्याच्याच हद्दीत येतात. हरवलेले, चोरीला गेलेले फोन शोधून मालकांना परत करण्याचे कार्यक्रम होतात, फोटो छापून येतात. चांगलं काम आहे, मनापासून. फक्त त्या फोटोत, ज्याच्या हातातून फोन काढून घेतला तो पोरगा कधीच नसतो. माग त्याच्यापर्यंत येतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. त्याच्या मागे एक पायरी गेलं तर दुकान सापडेल, दोन पायऱ्या गेलं तर बसमध्ये हात मारणारा.

एचआरवाल्यांनाही एक सुचवते. इंडक्शनच्या दिवशी सेफ्टी शूज आणि हेल्मेट देताना पाच मिनिटं १४४२२ आणि बिल यांवर बोला. फोन गेलेला कामगार दोन दिवस खाडा करतो, लाइन तुमचीच रिकामी राहते.

आणि आयुक्तालयाने परत केलेल्या फोनांच्या संख्येबरोबर पुढच्या कार्यक्रमात आणखी दोन आकडे द्यावेत: त्यातले किती फोन आपल्या हद्दीतल्या दुकानांतून विकले गेले होते आणि त्यांपैकी किती दुकानदारांवर गुन्हे दाखल झाले.