दम लागतो तो श्वास सोडताना

हंगामात पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात गाड्या भरण्याची घाई असते. अशाच एका संध्याकाळी गोण्या उचलणाऱ्या एका हमालाला माझ्याकडे आणले. खांदे वर चढलेले, दोन्ही हात टेबलावर टेकलेले, एक वाक्य पुरे होईना. बरोबरचा माणूस म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ह्याला दमच घेता येईना."

वास्तविक त्याच्या छातीत हवा भरपूर होती. ती बाहेर निघत नव्हती.

हे नीट कळावे म्हणून फुफ्फुसाचे काम पाहू. लोहाराचा भाता आपणहून हलत नाही, त्याला ओढणारा हात लागतो. फुफ्फुसाचेही तसेच. छाती व पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू आहे. तो आकसून खाली जातो, बरगड्या वर व बाहेर सरकतात, छातीतील जागा वाढते आणि हवा आपोआप आत येते. विश्रांतीत असताना एका श्वासाला साधारण अर्धा लिटर. श्वास सोडताना मात्र निरोगी माणसाला काहीच करावे लागत नाही. ताणलेले रबर सोडावे तसे फुफ्फुस आपल्या लवचीकपणाने आकसते.

दम्यात श्वासनलिका सुजतात, त्यांचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो. श्वास घेताना छाती फुगते तेव्हा नळ्या थोड्या ताणून उघडतात. सोडताना त्या आणखी अरुंद होतात. म्हणूनच शिट्टीसारखा आवाज येतो. जुनी हवा आत अडकते, मग नवीन हवेला जागा कुठून मिळणार?

मशीनने औषधाची वाफ दिल्यावर तो सावरला. खिशात वर्षापूर्वीची चिठ्ठी होती, तीवर पंप लिहिलेला. घेतला का नाही? "एकदा लागला की सुटत नाही म्हणतात." गोळी मात्र तो नेमाने घेत होता! साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम औषध असते, पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा भाग. गोळी सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचे औषध थेट नळीत उतरते. माझ्या मते पंपाच्या या भीतीने आपल्याकडे दम्याइतकेच नुकसान केले आहे.

मात्र नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर विसंबून राहणेही चुकीचेच. दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून तसे स्पष्ट सांगितले आहे. सूज उतरवणारे, श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड सोबत हवेच. नावाला घाबरू नये, मात्रा अल्प असते. घेतल्यावर चूळ भरावी, इतकेच. आणि फवारा घेण्याआधी श्वास पूर्ण सोडावा, मग सावकाश आत ओढून दहा अंक मोजेपर्यंत रोखावा. हे डॉक्टरांकडून प्रत्यक्ष करून पाहावे. पुष्कळांचे औषध घशातच राहते.

आमचा हमाल आता पंप खिशात ठेवतो. दुसऱ्या खिशात विडीचे बंडल असते. त्यावरून आमचे भांडण चालू आहे.