पुरावा 1961 चा

जून उजाडला की सेतू केंद्रांपुढे रांगा लागतात. जातीच्या दाखल्यासाठी ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. आता ज्यांचं अख्खं बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर, त्यांनी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून? (1952 पर्यंत गुन्हेगार जमाती कायद्याखाली यांतल्याच अनेकांना पोलिसांत हजेरी द्यावी लागे, तेव्हा सरकारला ते बरोब्बर सापडत!) दाखल्याचं शुल्क किरकोळच. खरा खर्च बुडालेल्या मजुरीचा, एसटीच्या भाड्याचा आणि ‘करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाचा. कागद नसेल तर गृहचौकशीची सोय आहे, पण पालावर जाणार कोण? तहसीलदारांनी शिबिरं पालांवरच भरवावीत, तीही प्रवेशाची धांदल सुरू होण्याआधी.