समाधानाचे मोल मजुरीतून कापू नका

मृगाची पहिली सर कोसळली की आपल्या वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांना मातीचा वास येऊ लागतो. शेती हा व्यवसाय नव्हे, ती एक जीवनपद्धती आहे. तिचे मोल पैशात करू नये. उघड्या आभाळाखालचे हे स्वातंत्र्य कोणत्या नोकरीत मिळणार, अशा आशयाचे लेख एकामागून एक येतात. लिहिणारांचा पगार बहुधा शेताबाहेरून येत असतो. हिवाळ्यात हीच मंडळी हुरड्याला जातात आणि ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण घोळवीत संध्याकाळी नोकरीच्या गावी परततात. हा प्रकार निरुपद्रवी असता तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु ज्या दिवशी शेतकरी आपल्या मालाला भाव मागतो, त्या दिवशी हेच काव्य त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे केले जाते.

याला उत्तर देताना आपल्यापैकी काही कार्यकर्ते दुसऱ्या टोकाला जातात. शेतीतला आनंद ही त्यांच्या मते भाबड्या शहरवासीयांची कल्पना. शेतकरी तेथे राहतो तो केवळ दुसरी वाट नाही म्हणून. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’चा दाखलाही ते देतात. पण तो असूड शेतीवर उगारलेला नव्हता. धर्माच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या वाटेने शेतकऱ्याला नागवणाऱ्यांवर तो उगारलेला होता. हा भेद विसरला की आपण प्रतिपक्षाला नको ते आंदण देऊन बसतो.

मंगळवेढ्याच्या शिवारातली खोल काळी जमीन घ्या. तेथे पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर मालदांडी ज्वारी उभी राहते. पेरणीनंतर पावसाचा भरवसा नसतो आणि विहिरीचे पाणी नसले तरी पीक काढायचे असते. साऱ्या हंगामाचा भार वाफसा ओळखण्यावर असतो. मूठभर माती दाबून पाहावी, गोळा चिकटतो की फुटतो ते बोटांनी जाणावे. घाई केली तर पाभरीचे फण चिखलाने भरतात, उशीर झाला तर बी कोरड्यात पडते. पुढे थंडीत जमीन भेगाळू लागली की कोळपणी करून त्या भेगा बुजवायच्या, नाही तर साठवलेली ओल वाऱ्यावर जाते. हा निर्णय कोणी साहेब देत नाही, कोणते परिपत्रक देत नाही. बियाण्याचे कणीस निवडण्यापासून खळ्यावरच्या राशीपर्यंतचे संपूर्ण काम एका कुटुंबाच्या नजरेखालून जाते, आणि घरातल्या पोराला आपला बाप व आई काय करतात हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. यंत्रापुढे आयुष्य काढणाऱ्या कामगाराला स्वतःच्या श्रमाबद्दल जो परकेपणा वाटतो, त्यावर समाजवाद्यांनी दीडशे वर्षे लिहिले. ज्या कामात तो परकेपणा सर्वांत कमी आहे त्या कामाचा आनंद आपण प्रतिगाम्यांच्या हवाली का करावा?

हा आनंद शेतकऱ्यालाही प्रिय आहे. २००३च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत १०० पैकी सुमारे ४० शेतकऱ्यांनी संधी मिळाल्यास दुसरे काम पत्करू असे सांगितले. हा आकडा भाषणांतून वारंवार ऐकू येतो आणि तो भयंकर आहेच. पण इतक्या ओढग्रस्तीतही उरलेल्या ६० जणांनी तसे म्हटले नाही, याची नोंद कोणी घेत नाही. मार्च २०१८मध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, त्यांत मोठ्या संख्येने आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत आले. (मोर्चा किसान सभेचा होता, आपला नव्हता, म्हणून त्याचा धडा आपल्याला कमी लागू होतो असे नाही.) त्यांच्या मागण्यांत एक ठळक मागणी अशी होती की, २००६च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आम्ही कसतो त्या जमिनीचा कागद आम्हाला द्या. तळपाय सोलून निघेपर्यंत चाललेली ही माणसे जमिनीतून सुटका मागत नव्हती.

मग वाद कुठे आहे? वाद हिशेबात आहे. २०१८-१९च्या पाहणीनुसार देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात पिकापासून ३,७९८ रुपये आणि मजुरी-पगारातून ४,०६३ रुपये. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो त्याचे घर पिकापेक्षा मजुरीवर अधिक चालते. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ साली १.३४ हेक्टरवर आले. जीवनपद्धती म्हणून जिचा गौरव चालला आहे, ती टिकवण्यासाठी शेतकरी स्वतःच दुसऱ्याच्या बांधावर राबून पदरचे पैसे घालतो आहे.

हमीभावाच्या गणितात तर ही लबाडी उघडीच पडते. राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ साली उत्पादनखर्चावर किमान ५० टक्के अधिक भावाची शिफारस केली. केंद्र सरकारने २०१८मध्ये दीडपट भावाची घोषणा केली, पण खर्च धरला तो प्रत्यक्ष रोख खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी एवढाच. स्वतःच्या जमिनीचे भाडे व स्वतःच्या भांडवलाचे व्याज त्यातून वगळले. कारखानदाराच्या भांडवलावर परतावा धरला नाही तर अर्थशास्त्र कोसळते. शेतकऱ्याची जमीन मात्र त्याची माता, आणि मातेकडून भाडे कसले मागायचे! मजुरी धरली तीही अंगमेहनतीची. वाफसा ओळखणाऱ्या बोटांची किंमत या कोष्टकात कोठेच नाही. प्राध्यापकाला शिकवण्यात समाधान मिळते, न्यायाधीशाला न्याय देण्यात मिळत असावे. आजवरच्या कोणत्या वेतन आयोगाने त्या समाधानापोटी त्यांचा पगार कापला? आणि शेतीला जीवनपद्धती म्हणणारे सरकारही आपल्या शब्दाला जागत नाही. डिसेंबर २०२३मध्ये शहरांत कांदा महागताच निर्यातबंदी आली, ती मे २०२४पर्यंत राहिली. भाव पडला की शेती ही साधना, आणि भाव चढला की लगेच शेतकरी व्यापारी!

तथापि केवळ भावापाशी थांबणे आपल्याला शोभणार नाही. शेतीचे हे जे समाधान, ते शेतातल्या सर्वांना मिळते काय? सालगड्याला वाफसा मालकाहून अधिक कळतो, पण पाभर केव्हा जुंपायची हे तो ठरवीत नाही. चाड्यावर मूठ धरणारी, खुरपणी-वेचणी-मळणी करणारी बाई घरच्या शेतात असली तर तिची मजुरी घरातच जिरते, परक्याच्या शेतात असली तर पुरुषाहून कमी मिळते. २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदारांत स्त्रियांचे प्रमाण जेमतेम १४ टक्के होते. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा देणारा कायदा केला, पण किती घरांत बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, हे आपल्या शाखांतील प्रत्येक कार्यकर्ता जाणतो. काहींनी ती घेतलीही असेल. १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनी ‘कसेल त्याची जमीन’ हे सूत्र कायद्यात उतरले. त्यातले ‘त्याची’ आपण फारच शब्दशः घेतले. २०२२ साली देशात शेतीशी संबंधित ११,२९० आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांत ६,०८३ शेतमजूर होते. शेतकऱ्यांपेक्षा अधिक. त्यांच्या मृत्यूवर रविवार पुरवणी निघत नाही.

येत्या पाडव्याला गावोगाव सालगड्यांची साले ठरतील. मालक आणि गडी यांच्या त्या बैठकीत आपला कार्यकर्ता हजर असला पाहिजे, आणि तो स्वतः मालक असला तर त्याने आधी आपल्या गड्याचे साल वाजवी दराने ठरवून, घरच्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावून मग तालुक्याच्या मोर्चात सर्वंकष खर्चावर आधारलेला भाव मागायला यावे. तिन्ही मागण्या एकाच अर्जात लिहिता येतील.