‘घसरला’ एवढे लिहून चालणार नाही

अपघाताच्या कागदपत्रांत एक शब्द मी वकिलीच्या काळात असंख्य वेळा वाचला आहे. तो शब्द म्हणजे ‘घसरला’. मोटारसायकल घसरली, ट्रॅक्टर घसरला, पाय घसरला. हा शब्द लिहिला की चौकशी संपते आणि दोष मेलेल्याच्या माथी बसतो. परंतु कोणीही उगाच घसरत नाही. जिथे घर्षण असायला हवे तिथे ते उरलेले नसते, म्हणून माणूस घसरतो. ते का उरले नाही, हा खरा प्रश्न आहे. तो विचारायचा तर घर्षण म्हणजे काय हे आपल्याला समजले पाहिजे.

शाळेत आपण घर्षणाची व्याख्या पाठ केली, गुण मिळविले आणि विसरून गेलो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकू लागले की त्या सरकण्याला होणारा विरोध म्हणजे घर्षण. चालताना पाय जमिनीला मागे रेटतो आणि जमीन घर्षणाच्या बळावर आपल्याला पुढे ढकलते. पावसाळ्यात शिरूर अनंतपाळच्या काळ्या रानात हेच बळ हरवते, म्हणून धडधाकट माणूसही काठी टेकत चालतो. काडी पेटते ती घर्षणाने, दोरीची गाठ टिकते तीही घर्षणाने. पूर्वी जाते-पाटा टाकवून देणारे कष्टकरी हाळी देत गल्लोगल्ली फिरत. ते काय करीत होते? वापरून गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीने टाकी लावून पुन्हा खडबडीत करीत होते, म्हणजे झिजलेले घर्षण दगडाला परत देत होते. त्यांच्या हातातील या ज्ञानाला कोणी विज्ञान म्हटले नाही, ही गोष्ट वेगळी.

मात्र घर्षण सगळीकडेच हवे असते असे नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण लावतात ते आसावरचे घर्षण कमी करण्यासाठी, नाहीतर बैलांची अर्धी ताकद तिथेच जाते. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. एवढे ओझे इतक्या लांब ओढणे परवडते, कारण पोलादी रुळावर पोलादी चाक फिरताना होणारा विरोध रबरी टायरच्या मानाने फारच कमी असतो. पण त्याच रेल्वेचे इंजिन ओल्या रुळावर जागच्या जागी चाके फिरवू लागले तर रुळावर वाळू सोडावी लागते. त्यासाठी इंजिनात वाळूची पेटी असते. एकाच गाडीला एके ठिकाणी घर्षण नको असते आणि दुसऱ्या ठिकाणी हवेच असते. कुठे हवे आणि कुठे नको, हे ओळखणे म्हणजेच शहाणपण.

हे न ओळखल्याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जमिनीखालच्या भेगेत खडकांच्या दोन बाजू घर्षणामुळे एकमेकींना धरून असतात. ताण साठत जातो, घर्षणाची पकड सुटते आणि खडक एकदम सरकतात. आपली घरे होती दगड-मातीची. न घडविलेले दगड, मधे मातीचा थर, वर मातीचे जड माळवद. दगडाला दगड धरून होता तो केवळ वजनाने आणि घर्षणाने. सांधणारे लांब दगड भिंतीत नव्हते. जमीन हलली, दगड सुटले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. काही लोक त्याला देवाचा कोप म्हणाले. कोप म्हटले की भिंत कशी बांधावी हा प्रश्नच उरत नाही.

रस्त्यावर आपण आजही तेच करीत आहोत. ढोबळ हिशेब पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरमध्ये थांबते. तोच रस्ता ओला असेल तर तिला ३५ मीटर लागतात. चिखल वा तेल सांडले असेल तर अंतर आणखी वाढते. टायरवरची नक्षी पाणी बाहेर ढकलण्यासाठी असते. म्हणूनच चारचाकीच्या टायरवर किमान १.६ मिलीमीटर खोल नक्षी असली पाहिजे असा नियम आहे. तरीही गुळगुळीत टायर वर्षानुवर्षे चालतात. उसाच्या फडातून निघालेला ट्रॅक्टर चाकाचा चिखल डांबरावर सोडून जातो. आणि आपणही रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतो. ते गोल दाणे दुचाकीखाली छर्र्यांसारखे फिरतात.

माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात घरचा कर्ता मुलगा अशाच चिखलावरून घसरून ट्रकखाली गेला. पंचनाम्यात रस्ता ‘डांबरी व सरळ’ एवढेच लिहिले होते. चिखलाची एक ओळ नव्हती, ब्रेकच्या खुणांची लांबी नव्हती, ट्रकच्या टायरचा उल्लेख नव्हता. विमा कंपनीचा वकील म्हणाला, मुलगा स्वतःच्या चुकीने पडला. त्या न लिहिलेल्या ओळीसाठी त्याच्या आईला वर्षानुवर्षे न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

कायदा मुका नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली नुकसानभरपाई मागता येते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ प्रमाणे रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल मानकांप्रमाणे न झाल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला व ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्याला पुरावा लागतो, आणि घर्षणाचा पुरावा पहिल्या पावसात धुऊन जातो. म्हणून अपघात झाला की जखमींना प्रथम दवाखान्यात पोहोचवावे आणि लगेच रस्त्याचे, चिखलाचे, टायरचे, ब्रेकच्या खुणांचे मोबाईलवर फोटो काढावेत. पंच म्हणून सही करण्यापूर्वी पंचनामा वाचावा आणि जे दिसते ते लिहून घ्यावे.

कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. संविधानाच्या कलम ५१-क ने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. ते कर्तव्य केवळ भाषणात सांगण्यासाठी नाही. गाडीपुढे लिंबू-मिरची बांधायला आपण विसरत नाही, पण टायरची नक्षी पाहायला वाकत नाही. लिंबू-मिरची गाडीला थांबवीत नाही. गाडीला थांबविते ते घर्षण. यापुढे कोणी ‘घसरला’ म्हटले की लगेच विचारा, कशामुळे घसरला? हा प्रश्न विचारणारा एक माणूस प्रत्येक गावात उभा राहिला, तरी अनेक मायमाउल्यांचे अश्रू वाचतील.