भिंतीवरचे बगळे

हल्ली गावोगाव भिंतींवर बगळे उतरले आहेत. निळी नदी, हिरवे झाड, पांढराशुभ्र बगळा आणि खाली ठळक अक्षरांत 'पाणी वाचवा'! रंगवणाऱ्या हातांवर माझा राग नाही. पण चित्र पुरे झाले की टाळ्या पडतात, आणि भिंतीमागच्या ओढ्यात राडारोडा पडतच राहतो. याला लोककला म्हणायचे काय? मी तर याला गिलावा म्हणतो.

कोणी म्हणेल, परदेशांत पाहा! जरूर पाहू. आयर्लंडात पीटची, म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, दलदल आहे. पृथ्वीवरच्या जमिनीत तिचा वाटा जेमतेम ३ टक्के. पण साऱ्या अरण्यांतील झाडांहून अधिक कार्बन तिच्या पोटात आहे. लोकांनी ती जळणासाठी पिढ्यान्‌पिढ्या खणली. तिथल्या लॉख बोरा येथे २००२ पासून कलावंतांनी त्या खणकामाच्याच जुन्या रुळांतून, लाकडांतून शिल्पे घडवली. शिल्पे सुरेख खरी. पण ती उभी आहेत खणून संपलेल्या दलदलीवर. आधी जमीन गेली, मग कला आली.

आम्ही वसमतकरांनी तोवर थांबायचे काय? आमच्याकडे पीट नाही, काळी माती आहे. वसमतच्या ज्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती आठ-नऊ महिने शेतात उभी राहते ती याच मातीच्या आणि पाण्याच्या जिवावर. आणि लोककला म्हणाल, तर पोळ्याचे मातीचे बैल आमच्या घरोघरी होतेच. बैलासाठी चिकणमाती आणायची ती पाण्याच्या काठावरून. मग तिथे कोणी घाण टाकली तर घरातली म्हातारी भांडायला उठणारच! त्या कलेला काठ लागत असे. ऑइलपेंटला नुसती भिंत पुरते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. चांगलेच झाले. पण ते म्हातारीचे भांडण कोणत्या फर्मानाने परत येणार?

म्हणून माझे मागणे सरळ आहे. भिंत रंगवणाऱ्या प्रत्येक मंडळाने आधी समोरचा काठ साफ करावा, आणि चित्र असेपर्यंत तो राखावा. हे जमत नसेल तर भिंत कोरी बरी. दिवाळीची सुट्टी आहे, मुले घरी आहेत. वाचकहो, त्यांना एक दिवस आसना नदीच्या काठी न्या. पणत्या त्यांच्या हातांनी, तिथल्या मातीच्या होऊ द्या. वाकड्या झाल्या तरी चालतील.